गुण वाढले, ताट बदललं का?

प्रश्न : मी अंगणवाडी पर्यवेक्षिका आहे. मातांसाठी आहाराचे वर्ग घेते. वर्गानंतरच्या चाचणीत गुण वाढतात, पण घरच्या जेवणात फरक पडला का, हे कसं तपासू?

उत्तर : गुण वाढणारच, शिकवलेलंच विचारताय ना! ‘पालेभाजी खाता का?’ या प्रश्नालाही ताईंचं मन राखायला ‘हो’च येईल. त्यापेक्षा कालच्या २४ तासांत काय काय खाल्लं, ते क्रमाने सांगू द्या. मग पुन्हा मागे जाऊन विचारा : चहासोबत काही? मुलाच्या ताटातलं उरलेलं? उत्तरं १० अन्नगटांत मांडा. १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांसाठी किमान ५ गटांचा निकष आहे. १५ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर तो गट धरत नाहीत. आमटीवरची चिमूटभर कोथिंबीर म्हणजे पालेभाजी नव्हे. हा निकष समूहासाठी आहे, एकटीच्या निदानासाठी नाही.

मुलाखत शक्यतो दुसऱ्या सेविकेने घ्यावी, एकादशीच्या दुसऱ्या दिवशी नको. आणि पावसाळ्यात भाज्या तशाही वाढतात. म्हणून वर्ग सुरू न झालेल्या शेजारच्या गावातही त्याच आठवड्यांत हीच नोंद घ्या.