तुरुंगातल्या माणसाचं औषधपाणी: पैसे कुठे लागतात, कुठे लागत नाहीत

घरातलं कुणी तुरुंगात गेलं की पहिली धावपळ जामिनाची होते. मधुमेहाच्या गोळ्या, हृदयात बसवलेला स्टेंट, रात्री लागणारा इन्हेलर हे बहुधा पहिल्या मुलाकतीत आठवतं, समोरचा माणूस खंगलेला दिसतो तेव्हा. मग घरचे विचारतात, याला बरे उपचार मिळायला किती पैसे लागतील? नेमक्या त्याच वेळी गेटबाहेर किंवा कोर्टाच्या आवारात 'हॉस्पिटलला टाकून देतो' म्हणणारा एखादा भेटतो, आणि दागिने मोडायची भाषा सुरू होते.

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. कैद्याच्या उपचारांचा खर्च सरकारचा असतो. माणूस कच्चा कैदी असो की शिक्षा झालेला, सरकारनं त्याला कोंडून ठेवलं आहे म्हणजे त्याच्या प्रकृतीची जबाबदारीही सरकारची. १८९४च्या कारागृह कायद्यापासूनच हे लिहिलेलं आहे: प्रत्येक कारागृहात रुग्णालय किंवा आजाऱ्यांसाठी योग्य जागा हवी, आत येणाऱ्या प्रत्येकाची वैद्यकीय तपासणी करून नोंद व्हायला हवी, आणि कैद्यानं डॉक्टरला भेटायचं म्हटलं किंवा तो आजारी दिसला तर ते विनाविलंब वर कळवायला हवं. संविधानाचं २१वं कलम तुरुंगाच्या दारात थांबत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं अनेक निकालांत सांगितलं आहे. त्यामुळे तपासणीला, गोळ्यांना किंवा सरकारी रुग्णालयात नेण्याला कुणी 'फी' मागत असेल, तर ती फी नाही.

खर्च खरा होतो तो उशिरा जागं झाल्यामुळे. म्हणून सुरुवात अटकेच्या दिवसापासून करावी. आरोपीला दंडाधिकाऱ्यांपुढे पहिल्यांदा उभं करतात, तेव्हाच आजाराची गोष्ट त्यांच्या कानावर आणि रोजनाम्यात गेली पाहिजे. जुनं डिस्चार्ज कार्ड, डॉक्टरांची ताजी चिठ्ठी, रक्ताचे रिपोर्ट, चालू औषधांची नावं आणि मात्रा यांच्या झेरॉक्स काढा. एक संच वकिलाकडे, एक कोर्टात, एक कारागृहाकडे आणि मूळ प्रती घरी. दोन पानी अर्जात नेमकं मागा: अमुक औषधं रोज मिळावीत, घरची औषधं किंवा उपकरण आत घेऊ द्यावं, अमुक तज्ज्ञाला दाखवावं आणि तपासणीचा अहवाल कोर्टाला द्यावा. नुसतं 'योग्य उपचार व्हावेत' असं लिहिलेला अर्ज मंजूर होऊनही हाती काही लागत नाही. हजेरी व्हिडिओवरून होत असेल, तर न्यायाधीश दिसताच स्वतः बोलायचं हे त्या माणसाला मुलाकतीत बजावून ठेवा. या सगळ्याला झेरॉक्स आणि किरकोळ कोर्ट फी स्टॅम्प एवढाच खर्च येतो.

दुसरा अर्ज कारागृह अधीक्षकांना, त्याची प्रत वैद्यकीय अधिकाऱ्यांना. हातोहात दिला तर आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टनं पाठवा. साध्या पत्राला शंभराच्या आत काम होतं. ती पावती जपा. पुढे उच्च न्यायालयात 'आम्हाला कुणी कळवलंच नाही' असं उत्तर आलं, तर घरच्यांच्या बाजूनं उभा राहणारा पुरावा तोच. घरून आणलेल्या गोळ्या गेटवर साधारणतः घेत नाहीत, त्यासाठी वैद्यकीय अधिकाऱ्यांची परवानगी किंवा कोर्टाचा आदेश लागतो. चष्मा, कवळी, काठी, कमरेचा पट्टा यांचंही तेच. २०२० साली तळोजा कारागृहात एल्गार परिषद प्रकरणातले आरोपी गौतम नवलखा यांच्यासाठी घरून पाठवलेला चष्मा परत गेला आणि माणुसकी महत्त्वाची, हे मुंबई उच्च न्यायालयाला सांगावं लागलं. ज्या प्रकरणाकडे देशाचं लक्ष होतं तिथे ही गत होती, म्हणून आपण आदेश हातात ठेवूनच गेटवर जावं.

सगळ्यात जास्त अडतं ते बाहेरच्या रुग्णालयात नेताना. कारागृहाच्या डॉक्टरनं ससून, जे. जे. किंवा जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी लिहिली, तारीखही मिळाली, तरी न्यायला पहाऱ्याचे पोलीस, म्हणजे 'पार्टी', लागतात. ते पोलीस मुख्यालयातून येतात. बंदोबस्त असला, सण असला, निवडणूक असली की 'पार्टी मिळाली नाही' आणि तारीख हुकली. त्यात संशयाची भर. २०२३ साली ससूनच्या कैदी कक्षातून अमली पदार्थांच्या प्रकरणातला एक आरोपी पळाला आणि त्यानंतर खऱ्या रुग्णाकडेही 'नाटक करतोय' याच नजरेनं पाहणं सोपं झालं. यावर उपाय एकच: हुकलेली प्रत्येक तारीख लिहून ठेवा आणि दुसऱ्यांदा हुकली की लगेच कोर्टात अर्ज द्या. त्यात तारखेसह आदेश मागा आणि त्याची प्रत पोलीस मुख्यालयालाही जावी अशी विनंती करा. डायलिसिस, केमोथेरपी, गर्भवतीची तपासणी असेल, तर दुसऱ्या तारखेचीही वाट पाहू नका. सरकारी रुग्णालयात नेताना या पोलीस पार्टीचे पैसे घरच्यांनी द्यायचे नसतात.

आत काय उपचार झाले, याचे कागद मिळवायला माहितीचा अधिकार वापरता येतो. महाराष्ट्रात अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, पुढे पानाला २ रुपये. प्रश्न जीविताचा असेल तर उत्तर ४८ तासांत देण्याची तरतूद आहे. अर्जाच्या वरच तसं ठळक लिहा आणि कारण द्या. वैद्यकीय माहिती खासगी असल्यानं नातेवाइकाच्या अर्जाला नकार येऊ शकतो. त्यासाठी कैद्याचं सहीचं संमतिपत्र जोडा किंवा अर्ज त्याच्याच नावानं करा.

आता वकील. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या १२व्या कलमानुसार कोठडीतल्या व्यक्तीला मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, हे फार कमी घरांना माहीत असतं. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, हेल्पलाइन १५१०० आहे, आणि कारागृहातही विधी सेवा केंद्र चालतं. वैद्यकीय अर्जांपुरता तरी हा रस्ता धरा, खासगी वकील मुख्य खटल्यासाठी ठेवा. खासगी वकिलाशी बोलताना फी तारखेवर की पूर्ण अर्जावर, उच्च न्यायालयात जावं लागलं तर वेगळी किती, टायपिंग आणि प्रमाणित प्रतींचा खर्च त्यातच का, हे आधी विचारा आणि दिलेल्या पैशांची पावती घ्या. याच प्राधिकरणाकडे आणखी एक दार आहे: जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली न्यायाधीन बंद्यांच्या, म्हणजे कच्च्या कैद्यांच्या, प्रकरणांचा आढावा घेणारी समिती असते, आणि गंभीर आजारी कच्चे कैदी तिच्या यादीत येतात. आपल्या माणसाचं नाव त्या यादीत आहे का, हे विचारायला काही पैसे पडत नाहीत.

मोठी रक्कम येते खासगी रुग्णालयापाशी. ही परवानगी कोर्टाकडूनच घ्यावी लागते आणि बिल कोण भरणार हे आदेशातच ठरतं. २०२०च्या नोव्हेंबरात एल्गार परिषद प्रकरणातलेच आरोपी वरवरा राव यांना नानावटी रुग्णालयात हलवताना मुंबई उच्च न्यायालयानं खर्च राज्यावर टाकला. २०२१च्या मेमध्ये त्याच प्रकरणातल्या ८४ वर्षांच्या फादर स्टॅन स्वामींना होली फॅमिली रुग्णालयात हलवलं, तेव्हा खर्च त्यांच्याकडे होता. तिथेच ५ जुलैला ते वारले; पार्किन्सन्सच्या त्या रुग्णाला पाणी पिण्यासाठी स्ट्रॉ आणि सिपर मिळावा म्हणूनही कोर्टात अर्ज करावा लागला होता. तेव्हा अर्जातच लिहून मागा की, हा उपचार सरकारी रुग्णालयात उपलब्ध नाही, म्हणून खर्च राज्यानं करावा. स्वखर्चाची तयारी आपणहून पहिल्याच परिच्छेदात दाखवू नका. कोर्टानं स्वखर्च सांगितलाच तर पहाऱ्याच्या पोलिसांचे पैसे कुणी द्यायचे, हे त्याच वेळी स्पष्ट करून घ्या, कारण ही रक्कम कधीकधी रुग्णालयाच्या बिलाला मागे टाकते. नवलखांना आजारपण आणि वयामुळे २०२२ साली नजरकैद मिळाली, तेव्हा पहाऱ्यासाठी २ लाख ४० हजार रुपये आधी भरावे लागले. २०२४ साली उच्च न्यायालयानं दिलेल्या जामिनावरची स्थगिती पुढे वाढवायला नकार देताना सर्वोच्च न्यायालयानं आणखी २० लाख भरायला सांगितले.

वैद्यकीय जामिनाची वाट मोकळी आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४८०व्या कलमात आजारी आणि अशक्त व्यक्तींचा वेगळा विचार आहे, मनी लाँडरिंगच्या कायद्यातही ४५व्या कलमात तशी सवलत आहे. कोर्ट मुख्यतः पाहतं ते हे की, लागणारा उपचार कोठडीत राहून होऊ शकतो की नाही. इथे तुमच्या शिक्क्यांच्या प्रती आणि हुकलेल्या तारखांची यादी बोलते. मात्र जामीन मिळाला की उपचारांचा खर्च सरकारचा राहत नाही, तो घरावर येतो, हे आधीच धरून चला. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, तेव्हा रेशन कार्ड आणि आधार तयार ठेवा. धर्मादाय रुग्णालयांत गरिबांसाठी राखीव खाटा असतात, तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला आधीच भेटा.

टीबी आणि एचआयव्हीची औषधं सरकारी कार्यक्रमांतून मोफत आहेत, फक्त जुनं उपचार कार्ड आत पोहोचायला हवं म्हणजे डोस तुटत नाही. मनाच्या आजाराबद्दल घरचे लाजून गप्प बसतात. तसं करू नका. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं अशा कैद्याला योग्य मानसोपचार संस्थेत हलवण्याची तरतूद केली आहे, आणि आत्महत्येचं बोलणं कानावर आलं तर त्याच दिवशी अधीक्षकांना लेखी कळवा.

आता तो गेटबाहेरचा माणूस. त्याला पैसे दिले तर देणाराही लाचलुचपत कायद्यात गुन्हेगार ठरू शकतो. जबरदस्तीनं द्यावे लागले असतील तर सात दिवसांच्या आत तक्रार केल्यास संरक्षण आहे. त्यासाठी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४. उपचारांतल्या हेळसांडीची तक्रार राज्य मानवी हक्क आयोगाकडे साध्या कागदावर, विनाशुल्क करता येते, पण घटनेपासून एका वर्षाच्या आत.

जामीन मंजूर होऊनही रक्कम नाही म्हणून आजारी माणूस आत राहिला असेल, तर केंद्राची २०२३ची गरीब कैदी साहाय्य योजना पाहा. ती सुरू झाली तेव्हा कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४० हजारांपर्यंत, शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी २५ हजारांपर्यंत मदत होती. आजची मर्यादा आणि अर्जाची माहिती जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारा. दागिने मोडायच्या आधी १५१०० ला फोन करा.