परभणीच्या माणसाला ऊन काय करणार?

(ऑस्ट्रेलियात नव्याने येणाऱ्या परभणी जिल्ह्यातल्या मंडळींसाठी, इथे रुळलेल्या घरांकडून)

चव्वेचाळीस डिग्रीत वाढलेल्या माणसाला इथलं ऊन काय करणार, असं सेलू-जिंतूरहून आलेला प्रत्येक जण पहिल्या वर्षी म्हणतो. मेलबर्नला डिसेंबर-जानेवारीत एखाद्या दिवशी वीस डिग्री असतं, गार वारा सुटलेला असतो, घामाचा थेंब नसतो. आणि दुपारी यूव्हीचा आकडा दहाच्या पुढे गेलेला असतो. कातडीला इजा करणारे हे अतिनील (यूव्ही) किरण अंगाला जाणवत नाहीत. उन्हाळ्यात परभणीतही हा आकडा कमी नसतो, पण तिथे शहाणा माणूस भर दुपारी रानातून घरी येतो, नाही तर डोक्याला रुमाल बांधतो. इथे त्याच वेळी क्रिकेटची मॅच रंगात असते. ऊन लागू नये म्हणून खिशात ठेवलेल्या कांद्याचा इथे काही उपयोग नाही.

म्हणून सकाळी तापमानाबरोबर यूव्हीही बघा. तीन किंवा त्याहून जास्त असेल तर अंग झाका. ब्रिस्बेनला हे जवळपास बारा महिने लागू आहे. लांब बाह्यांचा शर्ट, कान-मान झाकणारी रुंद काठाची टोपी, गॉगल. उरलेल्या उघड्या अंगाला एसपीएफ ३० किंवा ५० चं सनस्क्रीन, निघण्याआधी वीस मिनिटं, मग दर दोन तासांनी. प्रत्येक हातापायाला चहाचा एकेक चमचा लागतो. बोटभर लावून भागत नाही. ही गोरं करणारी क्रीम नव्हे. तसली क्रीम गावाकडून आणूही नका, कित्येकींत स्टेरॉइड असतं.

‘स्लिप, स्लॉप, स्लॅप’ (शर्ट चढवा, सनस्क्रीन फासा, टोपी घाला) ही मोहीम इथे १९८१ मध्ये सुरू झाली. आता पुष्कळ शाळांत टोपी नसेल तर पोराला मैदानावर सोडत नाहीत. शाळेवर रागावू नका, टोपीवर नाव घाला.

आपल्या सावळ्या कातडीतलं मेलॅनिन बरंच राखतं आणि गोऱ्यांच्या मानाने आपला कातडीच्या कर्करोगाचा धोका खूप कमी, हे खरंच. पण आपल्यासारख्यांना मेलॅनोमा हा कातडीचा कर्करोग झालाच तर तो बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली निघतो, जिथे उन्हाचा फारसा संबंध नसतो आणि कुणी बघतही नाही. गायक बॉब मार्ले याला पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली तो झाला होता. १९८१ मध्ये, छत्तिसाव्या वर्षी तो गेला. महिन्यातून एकदा अंघोळीनंतर तळपाय बघा, पोरांचेही.

आईवडील राहायला आले की त्यांच्याकडेही लक्ष द्या. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधले डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ मध्ये धोतराच्या घट्ट गाठीने कमरेवर होणाऱ्या कर्करोगाची नोंद केली. परकराच्या नाडीनेही तसं होऊ शकतं. आजीच्या कमरेवरचा काळा पट्टा खरबरीत झाला असेल, चिघळत असेल तर नाडी सैल आणि रुंद करा, आणि डॉक्टरांना दाखवा. चुलीवर भाजलेल्या जुन्या व्रणावर पुन्हा जखम झाली तरी तेच करा.

आहाराबद्दल घरोघर वेगळं ऐकाल. गाजर, हळद, आवळा खुशाल खा, पण त्याने सनस्क्रीन वाचत नाही. क्वीन्सलँडमधल्या नॅम्बूर गावी १९९२ पासून साडेचार वर्षं चाचणी झाली. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांत कातडीच्या कर्करोगाचा एक प्रकार स्पष्ट घटला, बीटा-कॅरोटीनच्या गोळ्यांनी काहीच फरक पडला नाही. निकोटिनामाइडची (ब३ जीवनसत्त्वाच्या एका प्रकाराची) गोळी आधी असे कर्करोग झालेल्यांसाठी आहे, आणि तीही डॉक्टरांच्या सल्ल्याने. ड जीवनसत्त्व मात्र सावळ्या माणसाला इथे बऱ्याचदा कमी पडतं, खासकरून मेलबर्नच्या हिवाळ्यात. त्यासाठी भर दुपारी उन्हात बसू नका. रक्त तपासा, लागली तर गोळी घ्या.

व्हिसा तात्पुरता असेल तर विम्यात जीपीचा (नेहमीच्या फॅमिली डॉक्टरचा) खर्च बसतो का, हे आल्या आल्या विचारा. नखात नवी काळी रेघ, वाढणारा तीळ, महिनाभर न भरणारी जखम दिसली, तर गावी गेल्यावर दाखवू म्हणून थांबू नका. त्याच आठवड्यात जीपीकडे जा.