दवाखान्यातून घरी आल्यावरचे तीन महिने

आई-बापहो, ज्यांच्या घरात लेकराला मानसिक आजार आहे, त्यांच्याशी आज थोडं बोलायचंय. लेकरू म्हणजे चाळिशीचा मुलगाही त्यात आला आणि सासरहून माघारी आलेली लेकही आली.

विषय मरणाचा आहे. घरात तो कुणी काढत नाही. पण रात्री दोनदा उठून पोरगं अंथरुणात आहे का, हे बघून येणाऱ्या बापाच्या मनात तोच असतो.

पोरगं दवाखान्यात भरती होतं तोवर घोर होता, सुट्टी झाली आणि सुटलो, असं आपल्याला वाटतं. खरं उलटंच आहे. मानसोपचाराच्या वॉर्डातून घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे, आणि धरून चाला पहिले तीन महिने, हा सगळ्यांत जोखमीचा काळ. देशोदेशीच्या अभ्यासांत हे पुन्हा पुन्हा दिसलंय. वॉर्डात वेळेवर गोळी होती, कुणीतरी लक्ष ठेवून होतं. घरी आलं की गल्लीतली कुजबुज, मोडलेली सोयरीक, फिटायचं राहिलेलं कर्ज, सगळं एकदम समोर येतं. स्किझोफ्रेनियात भास कमी झाले की आपलं काय काय हातचं गेलं, हे माणसाला उमगायला लागतं. नैराश्यातही गोळीचा पुरता गुण यायला काही आठवडे जातात. तेवढ्यात माणूस उठून कामाला लागलेला दिसतो, पण मनातला अंधार तसाच असू शकतो. म्हणून ‘आता बरंय’ हे शब्द ऐकून तुमचं लक्ष ढळू देऊ नका.

आजार झाला म्हणजे तसंच होणार, असं मात्र मुळीच नाही. स्किझोफ्रेनियाच्या शंभर माणसांत साधारण पाच जण आत्महत्येनं जातात. धोका वाढतो तो आजारासोबत आणखी काही जमलं की: आधी एकदा प्रयत्न झालेला असणं, दारू, रात्र-रात्र झोप नसणं, आणि गोळ्या मधेच बंद होणं. यातला आधीचा प्रयत्न सगळ्यांत गंभीर. ‘मागं बी असंच नाटक केलं होतं,’ हे वाक्य मी फार घरांत ऐकलंय. इतकं घातक वाक्य दुसरं नाही.

आता आपल्या बीडचं. दसरा झाला की धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूरकडून गाड्या भरून माणसं ऊसतोडीला साखर कारखान्यावर जातात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. मुकादमाची उचल घेतलेली असते, आणि एक जण आजारी पडला की अर्धा कोयता उरतो. सुट्टीच्या कागदासोबत मिळालेल्या गोळ्या महिनाभराच्या असतात. त्या फडावर संपतात. पुढची चिठ्ठी अंबाजोगाईच्या डॉक्टरकडे आणि माणूस कोल्हापूरकडं नाहीतर कर्नाटकात, कोपीत. कुणी म्हणतं, गोळी खाऊन नुसता पेंगतो, पहाटे मोळी कशी उचलायची? मग घरचेच गोळी बंद करतात. त्यांना दोष देऊन काय मिळणार, पोटाचा प्रश्न आहे. पण गुंगी येते हे डॉक्टरला सांगितलं तर ते मात्रा बदलू शकतात, गोळीची वेळ रात्रीवर नेऊ शकतात. आपण सांगतच नाही. परस्पर बंद केलेली गोळी फार महागात पडते.

अंबाजोगाईच्या योगेश्वरीला नवस बोलायचा तर खुशाल बोला. त्याच अंबाजोगाईत स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे, जवळच लोखंडी सावरगावला वृद्धांसाठी आणि मानसिक रुग्णांसाठी सरकारी केंद्र आहे. देव आणि दवाखाना एका फेरीत होतात. पण करणी-भानामती म्हणून कुणी मारझोड करत असेल, साखळीला बांधा म्हणत असेल, तर तिथं लेकराला सोडू नका.

आणि विचारा. सरळ विचारा: ‘बाळा, मरणाचे विचार येतात का रे?’ विचारल्यानं डोक्यात नसलेला विचार शिरत नाही, हे तपासून पाहिलेलं आहे. उलट कुणीतरी विचारलं म्हणून जीव मोकळा होतो. ‘हो’ म्हणाला तर रागावू नका, ‘आमचं कसं होईल’ म्हणून ओझंही घालू नका. ऐकून घ्या, त्या रात्री एकटं सोडू नका, दुसऱ्या दिवशी डॉक्टर गाठा. ठरवूनच बसलाय असं वाटलं, तर सकाळचीही वाट पाहू नका.

फवारणीचं औषध घरात नको. शेतातल्या पेटीत, कुलपात, किल्ली तुमच्या कमरेला. गोळ्यांचा साठाही तुमच्याच ताब्यात. मरायचंय त्याला कोण अडवणार, असं लोक म्हणतात. ते खोटं आहे. श्रीलंकेनं सगळ्यांत जहाल कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानं बंदी घातली आणि तिथल्या आत्महत्यांचं प्रमाण सत्तर टक्क्यांच्या आसपास उतरलं. ती ऊर्मी बऱ्याचदा थोड्या वेळाची असते. हाताशी साधन नसलं तर तो वेळ निघून जातो.

पोलीस केस होईल म्हणून प्रयत्न लपवू नका. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं अशा माणसाला तीव्र ताणाखाली मानलंय, शिक्षेऐवजी उपचार देणं सरकारवर घातलंय.

कारखान्यावर असाल तरी फोन आहेच. 14416, टेलिमानस. रात्री-बेरात्री, फुकट, मराठीत बोलता येतं. आणि यंदा उचल घेण्याआधी एकदा डॉक्टरला सांगून ठेवा, की आम्ही पाच-सहा महिने गावात नाही, मधल्या गोळ्यांचं काय करायचं. ते विचारल्याशिवाय गाडीत बसू नका.