पोर तेच आहे

पोर चार वर्षांचे झाले. हाक मारली तरी वळून बघत नाही. नजरेला नजर देत नाही. बोट दाखवून काही मागत नाही. इतर पोरे धुळीत खेळतात. हे एकटेच बसते आणि मिरच्या एका ओळीत लावते. ओळ मोडली की रडून घर डोक्यावर घेते. होळीचा ढोल वाजला की कानांवर हात ठेवून घरात पळते.

असे पोर घरात असले की गावात बोलणी सुरू होतात. कोणी म्हणते, "बाहेरची बाधा झाली." कोणी म्हणते, "वेडं आहे." कोणी म्हणते, "आईनं लाडानं बिघडवलं." बोलणारा बोलून जातो. ऐकणारी आई रात्रभर जागी राहते.

मग एक दिवस डॉक्टर तपासून सांगतात, "याला स्वमग्नता आहे." आईबापाच्या पायांखालची जमीन सरकते. पण नीट विचार करा. काल जे पोर होते, तेच आजही आहे. फक्त नाव कळले. नाव कळले म्हणजे वाट कळली.

स्वमग्नता म्हणजे काय? काही मुलांच्या मेंदूची घडण जन्मापासूनच निराळी असते. बोलणे, माणसांत मिसळणे त्यांना अवघड जाते. मोठा आवाज सोसत नाही. रोजचा क्रम बदलला की ती घाबरतात. हा रोग नव्हे. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. ही बाधाही नव्हे.

आणि यात आईचा दोष नाही. एके काळी अमेरिकेतले मोठे डॉक्टरही आईलाच बोल लावत. आईने माया केली नाही, म्हणून मूल असे झाले, असे ते म्हणत. १९६४ साली बर्नार्ड रिमलंड यांनी पुस्तक लिहून ते म्हणणे खोडून काढले. त्यांचा स्वतःचा मुलगा स्वमग्न होता. शिकलेलेही चुकतात, ते असे.

आता एका मुलाची हकीकत ऐका. त्याचे नाव डोनाल्ड ट्रिप्लेट. १९३३ साली अमेरिकेतल्या फॉरेस्ट नावाच्या लहान गावात तो जन्मला. १९४३ साली डॉ. लिओ कॅनर यांनी अशा अकरा मुलांची माहिती छापली. त्यात पहिला डोनाल्ड होता. त्याला काही वर्षे एका शेतकरी जोडप्याकडे ठेवले होते. त्याला मोजण्याचा भारी नाद. मक्याच्या ओळी पुन्हा पुन्हा मोजत बसे. शेतकऱ्याने त्याला दटावले नाही. नांगर हाती दिला आणि नांगरता नांगरता ओळी मोजायला लावल्या. मापे घेण्याचाही नाद होता. म्हणून विहीर खणायला लावली आणि तिची खोली मोजून सांगायला लावली. नाद तोच राहिला, पण कामी आला.

डोनाल्ड मोठा झाला. बँकेत नोकरीला लागला. मोटार चालवायला शिकला. गावाने त्याला आपला मानले. २०२३ साली, ८९ वर्षांचा होऊन तो वारला.

प्रत्येक मूल इतके पुढे जाईल असे नाही. काहींना जन्मभर हात द्यावा लागतो. पण लवकर शिकवले, तर प्रत्येक मूल काही ना काही शिकते.

मग काय करावे? सरकारी आरोग्य पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते. त्यांना पोर दाखवा. लपवू नका. पुढची तपासणी नंदुरबारच्या जिल्हा रुग्णालयात करून घ्या. २०१६ च्या कायद्यात स्वमग्नता धरली आहे. त्यामुळे दिव्यांगाचा दाखला मिळू शकतो. सरकारी शाळा अशा मुलाला परत पाठवू शकत नाही. भूत उतरवतो म्हणून कोणी पोराला मारले किंवा चटके दिले, तर २०१३ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने तो गुन्हा आहे.

घरी थोडे थोडे बोला. एका वेळी एकच गोष्ट सांगा. उद्या बाजारला जायचे असेल, तर आजच सांगून ठेवा. ढोल वाजणार असेल, तर त्याला आधीच दूर न्या.

आणि शेजाऱ्यांनी काय करावे? त्या आईला उपदेश करू नये. "बाई, घटकाभर पोराला आमच्याकडे बसव," एवढे म्हणावे. डॉक्टर नाव सांगतो. जागा गाव देते.

विचार करा :
१. शेतकऱ्याने डोनाल्डचा नाद कसा कामी लावला?
२. तुमच्या पाड्यात असे मूल आहे का? त्याला तुम्ही कोणत्या नावाने हाक मारता?