बागेचे काम, कागदावर ठराव

बंगल्याची बाग राखायचे काम घेता ना? मालक म्हणतो, "बाग नीट ठेव." नीट म्हणजे काय? खत कोणी आणायचे? मालकाला वाटते माळ्याने, माळ्याला वाटते मालकाने. महिनाअखेर पैसे कापले जातात, मग तंटा! खताची एक गोणीसुद्धा मजुरी खाते, बरे का.

म्हणून आधी लिहून घ्या. हिरवळ किती दिवसांनी कापायची? पावसाळ्यात ती भराभर वाढते. तेव्हा फेऱ्या जास्त, पैसेही जास्त. मेंदीचे कुंपण, पालापाचोळा, पगाराची तारीख, सगळे लिहा.

1872 च्या करार कायद्याने तोंडी करारही चालतो. पण शाबीत करताना नाकी नऊ येतात. आता तुम्हाला वाचता येते. वाचून मगच सही करा. दोन प्रती काढा. एक मालकाला, एक आपल्या पेटीत.