सात दिवसांची सेवा : एक विचारार्थ पाठ

वाचकहो, महाविद्यालयाचे विद्यार्थी आपल्या गावी शिबिरास येतात, सात दिवस राहून श्रमदान करितात व परत जातात. त्यांचा खर्च कोण करितो, आणि त्यांजपासून गावास व त्यांस स्वतःस काय लाभ होतो, याचा विचार या पाठात करू.

१. आरंभ. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, ता. २४ सप्टेंबर १९६९ रोजी, राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. तेव्हा तीत ३७ विद्यापीठे व सुमारे ४०,००० विद्यार्थी होते. स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास सेवा करावी आणि एका विशेष शिबिरात सात दिवस खेड्यात राहावे, असा नियम आहे.

२. अनुदान. या कामी पूर्वी केंद्र व राज्य सरकार सात व पाच या प्रमाणात द्रव्य देत असत. सन २०१६ पासून तो भार केंद्राने उचलला. हे द्रव्य लोकांच्या करातून येते. म्हणून त्याचा हिशेब केवळ पावत्यांनी पुरा होत नाही. गावात काय उरले, हेही पाहिले पाहिजे.

३. कामाचे ज्ञान. आपला धाराशिव जिल्हा अवर्षणाचा. उन्हाळ्यात माळावर चर खणिले, तर पहिल्या पावसाचे पाणी त्यांत थांबून जमिनीत मुरते. परंतु चर समपातळीत असला पाहिजे. तो एकीकडे उतरता झाला, तर सारे पाणी त्या टोकास धावते, बांध फोडते व माती वाहून नेते. सारांश, मापावाचून केलेली मेहनत उपकाराऐवजी अपकार करिते. म्हणून कुदळ उचलण्यापूर्वी पातळी घेण्यास शिकावे; पाणी कोठून वाहते हे मात्र गावच्या वृद्ध शेतकऱ्यासच विचारावे.

४. ऐकण्याचा धडा. ता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने किल्लारी व आपल्या जिल्ह्यातील सास्तूर येथे दगडमातीची घरे कोसळून हजारो माणसे दगावली. अशा वेळी कोणत्या घरात किती जीव निजले होते, हे गावकऱ्यांवाचून कोण सांगणार? साहाय्य करणाऱ्याने प्रथम विचारावे, मग हात घालावा.

५. मागाहूनचे काम. विद्यार्थी गेल्यावर चर गाळाने भरू लागतात. ते दरवर्षी उपसणे हे गावाचे काम होय. पाहुण्यांनी खणावे व यजमानांनी पाहत बसावे, तर सात दिवसांचे काम दोन पावसाळ्यांत बुजून जाईल.

विचारार्थ प्रश्न : (१) आपल्या गावी मागील शिबिरात झालेले कोणते काम आज टिकून आहे? (२) त्याची निगा कोण राखितो? (३) पुढील शिबिरापूर्वी विद्यार्थ्यांस आपण कोणते काम सुचवावे?