मिक्सरच्या भांड्यातले ओट्स : घरगुती प्रोटीन शेकविषयी अनुभवाचे बोल

प्रोटीन शेक, म्हणजे दूध, ताक किंवा पाणी यांत प्रथिनयुक्त पदार्थ घुसळून केलेले पेय, आता व्यायामशाळेपुरते मर्यादित राहिलेले नसून सकाळी घाईने बाहेर पडणारे विद्यार्थी, नोकरदार स्त्री-पुरुष आणि चावण्याचा त्रास असलेले वृद्ध यांच्या न्याहारीतही ते रुळले आहे, आणि ते अधिक पोटभरीचे व्हावे म्हणून त्यात ओट्स, केळी, शेंगदाणे, जवस, चिया अशी भर पडत गेली आहे. प्रस्तुत लेखकाच्या घरात हे पेय दीर्घकाळ नित्याचे होते आणि पुढील विवेचन त्या काळात जे दिसले व त्याची कारणे शोधताना जे समजले त्यावर उभे आहे. त्यातून निघालेला मुख्य मुद्दा असा की, ताटात वाढलेल्या अन्नाचे प्रमाण डोळ्यांना दिसते, त्याचा खवटपणा किंवा कडूपणा जिभेला कळतो आणि चावण्यात जाणाऱ्या वेळामुळे पोट भरल्याची जाणीव वेळेवर होते, तर मिक्सरच्या भांड्यात अन्नाच्या या तिन्ही खुणा एकदमच नाहीशा होतात. म्हणून त्यांनी करावयाचे काम शेक करणाऱ्याला आधीच, भांड्याचे झाकण लावण्यापूर्वी, जाणीवपूर्वक करावे लागते.

प्रमाणाचा प्रश्न सर्वांत आधी येतो. फुल क्रीम दूध 300 मिलीलीटर, ओट्स 50 ग्रॅम, दोन मध्यम केळी, पीनट बटरचे दोन मोठे चमचे, चार खजूर आणि एक मोठा चमचा मध असा शेक कोणाला फारसा भारी वाटत नाही, कारण तो दोन पेल्यांत मावतो आणि पाच मिनिटांत संपतो. परंतु त्याची ऊर्जा सुमारे 1,000 किलोकॅलरी भरते आणि प्रथिने मात्र 25 ते 27 ग्रॅमच मिळतात. घरी नेमके हेच घडले होते : पेय प्रथिनांसाठी म्हणून सुरू झाले, त्यात रोज काहीतरी ‘पौष्टिक’ वाढत गेले, नेहमीचा पोहे-उपम्याचा नाश्ताही सुटला नाही, आणि स्नायूंऐवजी कमरेचा घेर वाढू लागला. याउलट टोन्ड दूध 250 मिलीलीटर, ओट्स 30 ग्रॅम, डाळे, म्हणजे भाजून साल काढलेले हरभरे, 30 ग्रॅम आणि अर्धे केळे एवढेच घेतले तर ऊर्जा 420 किलोकॅलरींच्या आसपास राहून प्रथिने सुमारे 18 ग्रॅम मिळतात. म्हणजे प्रत्येक 100 किलोकॅलरींमागे अडीच ग्रॅमांच्या जागी चार ग्रॅमांहून अधिक. वजन वाढवू पाहणाऱ्या कृश व्यक्तीला पहिला शेक उपयोगी पडेल, हे खरे. पण तो प्रथिनांचा शेक नसून उष्मांकांचा शेक आहे, हे त्याने जाणून प्यावे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या शिफारशींनुसार निरोगी प्रौढाला शरीराच्या प्रत्येक किलोग्रॅम वजनामागे दिवसाला 0.83 ग्रॅम प्रथिने पुरेशी ठरतात, म्हणजे 60 किलोग्रॅम वजनाच्या व्यक्तीला सुमारे 50 ग्रॅम. नियमित वजने उचलणाऱ्यांची गरज याहून जास्त असते. तरीही याच संस्थेने 2024 च्या आहारविषयक मार्गदर्शिकेत शरीर कमावण्यासाठी प्रथिनांच्या पूरक भुकट्या टाळाव्यात असा सल्ला दिला आहे. ओट्सकडे प्रथिनांचा मुख्य स्रोत म्हणून पाहणेही चुकीचे आहे. त्यांच्या 100 ग्रॅमांत सुमारे 13 ग्रॅम प्रथिने असतात, जी तृणधान्यांच्या मानाने चांगली आहेत, परंतु 50 ग्रॅमांत ती साडेसहा ग्रॅमच भरतात, आणि सर्व तृणधान्यांप्रमाणे त्यांत लायसिन हे अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनांच्या घडणीतील एक आवश्यक घटक, कमी असते. दूध, दही किंवा हरभऱ्यासारखे कडधान्य सोबत आले की ही उणीव भरून निघते, म्हणून पाण्यात घुसळलेल्या ओट्सपेक्षा दुधातले किंवा डाळ्यांसोबतचे ओट्स निश्चितच सरस ठरतात.

ओट्स न शिजवता पेयात घालता येतात, यामागचे कारण फार थोड्यांना ठाऊक असते, आणि ते ठाऊक नसल्यामुळेच पुढच्या गंभीर चुका घडतात. या धान्याच्या दाण्यात स्निग्धांश इतर धान्यांपेक्षा जास्त असतो आणि स्निग्धांशाचे विघटन करणारे लायपेज नावाचे विकर, म्हणजे एंझाइमही त्याच दाण्यात असते; दाणा फुटला की दोघे एकत्र येऊन पीठ लवकर कडवट व खवट होते. हे टाळण्यासाठी कारखान्यात टरफल काढलेल्या दाण्यांना वाफ आणि उष्णता दिली जाते आणि मग ते रुळांखाली चपटे केले जातात. म्हणजे बाजारातले चपटे ओट्स कच्चे दिसत असले तरी त्यांना उष्णतेचा संस्कार झालेला असतो. ही बाब लक्षात न घेता, ओट्स चालतात तर गव्हाचे, नाचणीचे किंवा सोयाबीनचे पीठ का नको, असा तर्क घरोघरी केला जातो आणि तो धोक्याचा आहे. चक्कीवरून आलेले पीठ निर्जंतुक नसते. शेतातून आलेले साल्मोनेला किंवा ई. कोलाय यांसारखे जंतू त्यात असू शकतात आणि ते भाकरी-पोळी भाजताना मरतात, शेकमध्ये मरत नाहीत. कच्च्या सोयाबीनमध्ये तर ट्रिप्सिन-रोधक द्रव्ये असतात, म्हणजे प्रथिने पचवणाऱ्या ट्रिप्सिन या विकराचे काम अडवणारी द्रव्ये, त्यामुळे प्रथिनांसाठी घातलेले पीठच प्रथिनांच्या पचनाला विरोध करते आणि पोटात गुबारा धरतो. महाराष्ट्राच्या स्वयंपाकघरात याला उत्तम पर्याय पूर्वीपासून आहेत : डाळे, फुटाणे, ज्वारीच्या लाह्या, राजगिऱ्याच्या लाह्या, आणि डाळी-धान्ये भाजून केलेले मेतकूट, जे मात्र हळद, हिंग व मीठ यांमुळे गोड शेकपेक्षा ताकाच्या शेकमध्ये शोभते. नाचणीचे सत्त्व वापरायचे असल्यास ते पाण्यात शिजवून, थंड करून मगच घुसळावे.

कच्च्या अंड्याचीही गोष्ट याच वर्गातली आहे. अंडे फोडून शेकमध्ये घालणे हे पहिलवानी सामर्थ्याचे लक्षण मानले जाते, परंतु बेल्जियममध्ये झालेल्या आणि 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात शिजवलेल्या अंड्यातील सुमारे 91 टक्के प्रथिने पचतात आणि कच्च्या अंड्यातील केवळ सुमारे 51 टक्के, असे आढळले. शिवाय कच्च्या पांढऱ्या बलकातील अॅव्हिडिन हे द्रव्य बायोटिन या जीवनसत्त्वाला बांधून ठेवते आणि साल्मोनेलाचा धोका राहतोच. उकडलेले अंडे शेकच्या शेजारी ताटलीत ठेवावे, यात अधिक प्रथिने पदरात पडतात.

दुसरा मोठा अनुभव पोटाचा आहे. ओट्समध्ये बीटा-ग्लुकन नावाचा विद्राव्य तंतू असतो, म्हणजे पाण्यात विरघळून बुळबुळीत, दाट द्राव तयार करणारा तंतुमय पदार्थ. तोच शेकला दाटपणा देतो, जठरातील अन्न सावकाश पुढे सरकू देतो आणि रक्तातील कोलेस्टेरॉल कमी करण्यास मदत करतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 1997 मध्ये दिवसाला 3 ग्रॅम बीटा-ग्लुकनाच्या आधारावर हृदयविकाराचा धोका कमी होण्याविषयीचा दावा वेष्टनावर छापण्यास मान्यता दिली, आणि ओट्सच्या 100 ग्रॅमांत ते साधारण 4 ग्रॅम असल्यामुळे एवढ्यासाठी सुमारे 75 ग्रॅम ओट्स लागतात. मात्र हे वाचून पहिल्याच दिवशी एवढे ओट्स भांड्यात ओतणे हितावह नाही. 50 ग्रॅम ओट्स, दोन केळी आणि चिया व जवस प्रत्येकी एक मोठा चमचा यांतून एकाच पेल्यात 15 ग्रॅमांच्या आसपास तंतू जातात, तर जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची संपूर्ण दिवसाची किमान अपेक्षा 25 ग्रॅम आहे. ज्याच्या आतड्यांना एवढ्या तंतूंची सवय नाही त्याला गॅस, पोटफुगी आणि कधी मलावरोध होतो, आणि दोष बहुधा दुधावर किंवा प्रथिनांच्या भुकटीवर ढकलला जातो. घरात हा त्रास सुरू झाला तेव्हा आधी दूध बंद करण्यात आले, तरी फरक पडला नाही. ओट्स दोन मोठ्या चमच्यांवर आणून दर आठवड्याला थोडे वाढवले आणि दिवसभरात पाणी वाढवले तेव्हाच पोट शांत झाले. एका वेळी एकच नवा घटक घालावा आणि काही दिवस थांबावे, म्हणजे त्रास झाल्यास त्याचे कारण शोधता येते. ज्यांना दुधातील लॅक्टोज ही शर्करा खरोखर पचत नाही, त्यांनी दही किंवा ताक वापरावे, आणि दाटपणासाठी दुधाची भुकटी घालण्याचा मोह टाळावा, कारण तिच्यात वजनाच्या निम्म्याच्या आसपास लॅक्टोजच असते.

चिया आणि सब्जा यांच्या बाबतीत सूचना अधिक कडक हवी. चिया स्वतःच्या वजनाच्या सुमारे दहापट पाणी शोषते. अमेरिकेत 2014 मध्ये वैद्यकीय परिषदेत मांडल्या गेलेल्या एका घटनेत कोरडी चिया चमचाभर खाऊन वर पाणी पिणाऱ्या माणसाच्या अन्ननलिकेत तिचा चिकट गोळा अडकून बसला होता. म्हणून बिया आधी पूर्ण भिजवाव्यात, आणि गिळण्याचा त्रास असलेल्या वृद्धांच्या शेकमध्ये त्या घालूच नयेत. ओट्स मात्र कोरडेच, चटणीच्या भांड्यात बारीक करून मग दुधात मिसळावेत. थेट दुधात फिरवले तर कण राहतात आणि जास्त फिरवले तर पेय चिकट होते. येथे मधुमेही व्यक्तीने एक गोष्ट ध्यानात घ्यावी : धान्य जितके बारीक, तितके त्यातील स्टार्च लवकर पचून रक्तशर्करा लवकर चढते, म्हणून पीठ केलेले ओट्स आणि अखंड चपट्या ओट्सची लापशी यांचा शरीरावरील परिणाम सारखा नसतो.

रात्रभर भिजवण्याविषयी बराच गैरसमज आहे. ओट्समध्ये फायटिक आम्ल असते, जे लोह आणि जस्त यांना बांधून त्यांचे शोषण घटवते, आणि हे आम्ल फोडणारे विकर कारखान्यातील उष्णतेने बव्हंशी निष्क्रिय झालेले असते. त्यामुळे भिजवल्याने ओट्स मऊ होतात, पण फायटिक आम्ल फारसे घटत नाही. पेरू किंवा आवळा यांसारखे क जीवनसत्त्व असलेले फळ सोबत घेणे लोहासाठी अधिक फलदायी आहे. भिजवायचेच तर फ्रीजमध्ये, ओट्यावर नव्हे.

चवीचा मुद्दा सर्वांत दुर्लक्षित आणि कदाचित सर्वांत महत्त्वाचा आहे. केळे, खजूर आणि मध यांच्या गोडीखाली खवट शेंगदाणा, जुनाट जवसाची पूड किंवा बुरशीचा वास सहज दडून जातो. बुरशी लागलेल्या शेंगदाण्यात अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष असू शकते. 1960 मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, त्याचे कारण त्यांच्या खाद्यातील दूषित शेंगदाणा पेंड असल्याचे निष्पन्न झाले आणि त्यातूनच या विषाचा शोध लागला. भाजण्याने ते पुरते नष्ट होत नाही, म्हणून सुरकुतलेला, काळवंडलेला दाणा निवडून टाकावा आणि प्रत्येक घटक भांड्यात घालण्यापूर्वी चिमूटभर चाखावा. दुधी भोपळा घालणाऱ्यांनी तर त्याची फोड आधी चाखलीच पाहिजे, कारण कडू दुधीतील कुकरबिटासिन द्रव्यांमुळे तीव्र विषबाधा होते आणि भारतात त्यामुळे मृत्यूही झाले आहेत. याउलट, ताजे अननस किंवा किवी दुधात फिरवल्यावर येणारा कडूपणा विषारी नसतो. त्या फळांतील विकरे दुधाची प्रथिने तोडतात म्हणून तो येतो, आणि शेक लगेच प्यायल्यास फारसा जाणवत नाही.

तयार शेक साठवून ठेवू नये. दूध, पीठ आणि साखर असलेले हे मिश्रण जंतूंना पोषकच असते. सामान्य तापमानात ते दोन तासांपेक्षा आणि 32 अंश सेल्सियसच्या वर एका तासापेक्षा अधिक राहू नये, म्हणजे विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ऑफिसच्या पिशवीतून नेलेला शेक दुपारी पिण्याजोगा उरत नाही, शिवाय आंबून बंद बाटलीत दाब धरतो. ओट्स-डाळ्यांची कोरडी पूड डबीत न्यावी आणि दूध किंवा ताक ऐनवेळी मिसळावे. बाटलीच्या झाकणातील रबरी रिंग रोज काढून धुवावी, कारण दुर्गंध बहुतेक वेळा तेथूनच येतो.

मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी प्रथिने, केळी आणि कच्चा पालक यांचे प्रमाण डॉक्टरांना विचारल्याशिवाय ठरवू नये. पालकातील ऑक्झलेट नित्य मोठ्या प्रमाणात गेल्यास मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. सिलिअॅक विकार, म्हणजे गव्हातील ग्लुटेनमुळे आतड्यांना इजा होणारा विकार, असलेल्यांनी ग्लुटेनमुक्त अशी स्पष्ट नोंद असलेलेच ओट्स घ्यावेत, कारण साध्या ओट्समध्ये गव्हाची भेसळ शेतापासून गिरणीपर्यंत कोठेही होते, आणि तेही वैद्यकीय सल्ल्यानेच. थायरॉइडची गोळी सकाळी घेणाऱ्यांची संख्या मोठी आहे आणि त्यांच्याकडून ही बाब हमखास सुटते : दुधातील कॅल्शियम, सोया आणि तंतुमय पदार्थ या गोळीचे शोषण घटवतात, म्हणून गोळी साध्या पाण्याबरोबर उपाशीपोटी घ्यावी, शेक किमान अर्धा ते एक तासाने प्यावा आणि कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळ्या आणि ही गोळी यांत चार तासांचे अंतर ठेवावे. असा शेक रोजचा होणार असल्यास डॉक्टरांना तसे सांगून सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच ही रक्तचाचणी पुन्हा करून घ्यावी, कारण गोळीची मात्रा नव्याने ठरवावी लागण्याची शक्यता असते.